‘रोज एक फ्रेम’चा हिशोब लागत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीतला दादासाहेब फाळक्यांवरचा लेख आमच्याकडे दोनदा वाचला गेला, एकदा मी मनात आणि एकदा ह्यांनी मोठ्याने, कारण ह्यांना काहीही मनात वाचता येत नाही. लेख चांगला आहे, फोटोपण छान छापलेत, पण त्यातलं एक वाक्य वाचल्यापासून मला चैन नाही. ते कुंडीतल्या वटाण्याचं. फाळक्यांनी १९१२ मधे कुंडीसमोर कॅमेरा ठेवला, महिनाभर रोज एक फ्रेम, म्हणजे फिल्मवरचं एकच चित्र, घेतली आणि त्यातून मिनिटभराची ‘अंकुराची वाढ’ ही फिल्म झाली, असं तुम्ही छापलंय. तुमच्या लेखकाला मी दोष देत नाही, हे वाक्य सगळीकडे असंच फिरतं, मी स्वतः ते निदान तीन ठिकाणी वाचलंय आणि तिन्ही वेळा मान डोलावून पुढे गेलेय. पण आता नाही जाणार, कारण आता मी तो वटाणा लावून बघितलाय, तोही दोनदा.

आधी हिशोब. मी ३४ वर्षं बँकेत काढली, संध्याकाळी एक रुपयाचा फरक आला तरी तो सापडेपर्यंत घरी जायचं नाही ही सवय अंगात मुरलीये. मूकपटाच्या काळात कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवायचे, एका फेऱ्यात ८ फ्रेम आणि सेकंदाला २ फेरे, म्हणजे सेकंदाला साधारण १६ फ्रेम. एका मिनिटाच्या झाल्या ९६०. आणि महिनाभर रोज एक म्हणजे किती, ३०, फार तर ३५. भागाकार करा, दोन सेकंदांच्या वर काही जात नाही. म्हणजे शिंक आली तर फिल्म हुकली! कोणी म्हणेल तेव्हा प्रोजेक्टरही हातानेच फिरवायचे, हळू फिरवला असेल. बरं, सेकंदाला १२ धरा, तरी ७२० लागतात. कुठे ३५ आणि कुठे ७२०.

ह्यांनी लगेच फाळक्यांची बाजू घेतली, की रोज एकच चित्र घेऊन त्याच्या वीस-तीस कॉप्या काढल्या असतील. काढता आल्या असत्या, पण मग ते लग्नातल्या स्लाइड शोसारखं झालं असतं, दोन सेकंद एक चित्र, मग खट्‌ दुसरं चित्र. फाळक्यांनी ही फिल्म कशासाठी केली होती, तर ‘राजा हरिश्चंद्र’साठी पैसे लावतील अशा लोकांना दाखवायला, की बघा हे यंत्र काय करू शकतं. रोप डोळ्यांदेखत वर चढताना दिसलं म्हणून त्यांना कर्ज मिळालं. खट्‌ खट्‌ चित्रांवर कोणी कर्ज देत नाही, आणि कर्ज कशावर देतात हे मला विचारा.

आता हा भागाकार मला आधीच सुचायला हवा होता, पण खरं सांगते, आधी वटाणा लावला आणि अक्कल नंतर आली. गेल्या दिवाळीत भाऊबीज झाल्यावर मुलगा पुण्याला परत गेला आणि त्याचा काच तडकलेला जुना मोबाईल इथेच टाकून गेला. मला टाइमलॅप्सची, म्हणजे ठराविक वेळाने फोटो काढून ते जोडून व्हिडिओ करायची, हौस रिटायर झाल्यापासून आहे, ढग बघायचे, आमच्या वडोदऱ्यातल्या सुरसागर तळ्यावरचा संध्याकाळचा उजेड बघायचा, असलं काहीतरी. म्हटलं फाळके करतात तसं करूया. चोखंडीच्या किराणावाल्याकडे पांढरे वटाणे मागितले तर तो म्हणे “बेन, सेव उसळ माटे?” म्हटलं, नाही भाई, फिल्लम माटे. त्याने पाव किलो बांधून दिले, मला चारच दाणे हवे होते.

रात्रभर भिजवले, कुंडीत खोचले, आणि रोज सकाळी ८ वाजता एक फोटो. अगदी नेमाने, तुळशीला पाणी घालावं तसं. ३४ दिवस झाले, ३४ फोटो जोडले, आणि दोन सेकंद. बरं ते दोन सेकंदही कसले, वेल बेडकासारखा उड्या मारतोय, आज डावीकडे, उद्या उजवीकडे, परवा तिसरीकडेच. मला वाटलं आपलंच काही चुकलं. मुलाला व्हिडिओ पाठवला तर त्याचं दोन शब्दांचं उत्तर आलं, “आई, भागाकार.”

उड्या का मारतो तेही नंतर कळलं. वटाण्याचं टोक आणि त्याचे ते दोऱ्यासारखे ताणे स्थिर नसतातच, आधार शोधत हवेत गोल गोल फिरतात, माझ्या वेलाला एका फेऱ्याला दीड-दोन तास लागायचे. म्हणजे दिवसभरात कितीतरी फेरे, आणि त्यातला एकच क्षण तुम्ही पकडणार, तर तो कुठल्याही दिशेचा निघणार. रोज एक फोटो घेऊन वेलाचं नुसतं वय दिसतं, चाल दिसत नाही. ती चाल बघायची तर तासाला दोन-तीन तरी फोटो हवेत.

मधे उत्तरायण, म्हणजे इथली पतंगांची संक्रांत, आलं. अगाशीवर, म्हणजे गच्चीवर, पाण्याच्या टाकीला मोबाईल बांधला, दर ५ सेकंदांना एक फोटो, सकाळी सहापासून. पतंगांचा व्हिडिओ अगदी फुकट गेला, कारण पतंग एका सेकंदात कुठल्या कुठे जातो, दोन फोटोंत तोच पतंग ओळखू येत नाही, सगळं आकाश डास चिकटल्यासारखं दिसतं. पण संध्याकाळी लोकांनी तुक्कल, म्हणजे पतंगाच्या दोरीला बांधलेले कागदी कंदील, सोडले, ते दोरीवर संथ असतात, तर ते सगळे दिवे एकापाठोपाठ एक असे सरळ वर चढताना दिसले की खाली सगळ्या अगाशीवाल्यांना बोलावून दाखवलं. तेव्हा डोक्यात बसलं की गोष्ट किती हळू चालते त्यावर दोन फोटोंमधलं अंतर ठरतं, आपल्या सोयीने नाही.

मग जानेवारीच्या शेवटी दुसरा वटाणा. ह्या वेळी उलटा हिशोब केला. मिनिटभराची फिल्म, ९६० फ्रेम, ३० दिवस, म्हणजे दिवसाला ३२. आमच्याकडे त्या दिवसांत साडेसातला नीट उजेड होतो आणि सहाला जायला लागतो. साडेसातपासून दर २० मिनिटांनी एक फोटो घेतला तर बत्तिसावा फोटो बरोबर ५ वाजून ५० मिनिटांनी येतो. मी कागदावर तीनदा मांडून बघितलं, तेवढंच येतंय! घरात येणाऱ्या उजेडात, दर वीस मिनिटांनी, महिनाभर, आणि बरोब्बर एक मिनिट. फाळके फेब्रुवारीत लंडनला जाऊन दोन महिन्यांत परत आले आणि वटाणा त्यानंतरचा, म्हणजे त्यांना दिवस माझ्यापेक्षा मोठा मिळाला असणार, त्यांचं अंतर २५ मिनिटं झालं असेल. पण दिवसाला एक? अजिबात नाही.

सामान सांगते, कारण तुमचे वाचक करून बघतील तर उगाच पैसे घालायला नकोत. स्टँड म्हणजे जेवायचा पाट, उभा केलेला. कोथिंबिरीच्या जुडीचे रबर आणि कपडे वाळत घालायचे चार चिमटे, एवढ्यावर मोबाईल पाटाला बांधला. पाट पडू नये म्हणून मागून पाट्याचा वरवंटा टेकवला, आमच्या सासूबाईंचा, मिक्सर आल्यापासून बेकार बसला होता. मागे काळ्या ब्लाउजपीसचा पडदा, म्हणजे हिरवा कोंब उठून दिसतो. खिडकी उत्तरेची घेतली, थंडीत तिथून ऊन कधीच आत येत नाही, नुसता उजेड येतो, नाहीतर दुपारी फोटो पांढरा आणि संध्याकाळी काळा, आणि व्हिडिओ लावला की ट्यूबलाइट जाताना फडफडते तसा फडफडतो. मोबाईल प्रत्येक फोटोला स्वतःच्या मनाने उजेड आणि रंग ठरवतो, ते बंद करून एकदाच ठरवून ठेवायचं, आणि फोकससुद्धा, नाहीतर तो कोंब सोडून ब्लाउजपीसच्या विणीवर जाऊन बसतो, माझे एका दिवसाचे सगळे ३२ असेच गेले. कुंडीत चाळीस सेंटीमीटरची काडी खोचली आणि फ्रेममधे वर तेवढी जागा पहिल्याच दिवशी मोकळी सोडली, नाहीतर पंधरा दिवसांनी वेल फ्रेमच्या बाहेर आणि तुम्ही आत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, फोटो काढताना मोबाईलला हात लावायचा नाही. वायरवाले इयरफोन असतील ना जुने, ते लावा, आवाज वाढवायचं बटण दाबलं की बऱ्याच मोबाईलमधे फोटो निघतो. मी त्या वायरला गाठ मारून खुर्चीच्या हाताला बांधून ठेवली होती. ह्यांना वाटलं मी गाणी ऐकतेय.

ह्याचं ॲप मिळतं हे मला माहीत होतं. पण मुद्दाम पहिले तीन दिवस हाताने केलं, फाळक्यांच्या घरी हे कसं झालं असेल ते अंगावर घेऊन बघायला. दर वीस मिनिटांनी अलार्म. संपादक, वीस मिनिटांत काय होतं सांगू? कुकरच्या शिट्ट्या होतात आणि तो उतरतो, पण उघडता येत नाही. पोळ्यांची कणीक मळून होते पण लाटायला घेतली की अलार्म. आंघोळ कशीबशी होते, पूजा होत नाही. खंडेराव मार्केटला जाऊन भाजी घेऊन येणं तर सोडूनच द्या, दुसऱ्या दिवशी गेले तर दोन फोटो हुकले. दुपारी डोळा लागला की अलार्म, उठले, बटण दाबलं, पडले, झोप येईतो पुन्हा अलार्म. तीन दिवसांत ९६ वेळा उठायचं होतं, मी ९१ वेळा उठले, आणि चौथ्या दिवशी हात जोडून ॲप लावलं.

माझं म्हणणं हे आहे, आणि हे लिहायलाच पत्र सुरू केलं. ‘रोज एक फ्रेम’ म्हटलं की ते काम तुळशीच्या पाण्याएवढं होऊन जातं, सकाळी एकदा दांडा फिरवला आणि बाबा मोकळे. प्रत्यक्षात त्या घरात महिनाभर दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत कोणीतरी त्या कुंडीच्या हाकेत बांधलेलं होतं. त्याच वर्षी फाळक्यांना पुढच्या चित्रपटाची जमवाजमव करायची होती, पैसेवाल्यांच्या पायऱ्या झिजवायच्या होत्या, डोळेही त्याआधी एकदा जाता जाता वाचलेले. सरस्वतीबाई फिल्मला भोकं पाडायला शिकल्या, रसायनं कालवायला शिकल्या हे तर नोंदलेलं आहे. मग फाळके बाहेर असताना दर वीस-पंचवीस मिनिटांनी कुंडीपाशी कोण गेलं असेल? हा माझा अंदाज आहे, पण ९१ वेळा उठलेल्या बाईचा अंदाज आहे. तुमच्या अख्ख्या पानभर लेखात सरस्वतीबाईंचं नाव एकदा आलंय, तेही “पत्नीने दागिने दिले” एवढ्यापुरतं.

रात्रीचं काय, असं ह्यांनी विचारलं, आणि हा प्रश्न चांगला होता. झाड रात्रीही वाढतं, त्यामुळे माझ्या व्हिडिओत रोज सकाळी एक बारीक हिसका येतो, आदल्या संध्याकाळचा फोटो आणि सकाळचा फोटो जुळत नाहीत. रात्री पांढरा दिवा लावला तर रोप दिव्याकडे वाकतं, सगळी चालच बिघडते. तांबड्या उजेडाकडे मात्र रोप वाकत नाही, म्हणून मी दोन रात्री देवघरातला लाल झिरोचा बल्ब आणून लावला. जमलं, पण फोटो असे लाल आले की वटाणा आहे का गाजर ते कळेना, काढून टाकला. फाळक्यांना तर ही पळवाटही नव्हती, त्या काळच्या फिल्मला तांबडा रंग दिसायचाच नाही, म्हणून तर डार्करूममधे लाल दिवा चालायचा. त्यामुळे त्यांच्या फिल्ममधेही रोज सकाळचा हिसका असणार असं मला वाटतं, आणि का कोण जाणे त्याने बरं वाटतं.

असल्या उचापती करणारे फाळके एकटे नव्हते. जर्मनीत लाइपझिगला फेफर नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञाने १९०० च्या आसपासच झाडांच्या हालचाली अशा पकडल्या होत्या. लंडनला पर्सी स्मिथ होता, त्याने १९१० मधे फुलं उमलतानाची फिल्म काढली. हा माणूस आधी शिक्षण खात्यात कारकून, म्हणजे आमच्याच जातीचा. घरातल्या सटरफटर वस्तूंतून यंत्रं जुळवायचा आणि रात्री फिल्म संपली की जाग यावी म्हणून घरभर घंटा लावून ठेवायचा. त्याच्या घरच्यांचं काय होत असेल ते ह्यांना विचारा.

आता वडोदऱ्याची म्हणून एक तक्रार. लेखात नाशिक आहे, मुंबई आहे, लंडन आहे, बडोद्याचा उल्लेख नाही! फाळके १८९० मधे थोरल्या भावाबरोबर इथे आले, सयाजीरावांचं कलाभवन त्याच वर्षी निघालेलं, तिथे ते चित्रकला शिकले, पहिला कॅमेरा इथे असतानाच घेतला, प्राचार्य गज्जरांनी त्यांना तिथला फोटोचा स्टुडिओ सांभाळायला दिला, आणि नंतर ते फोटोग्राफीचा धंदा करायला गेले तेही गोध्र्याला. ती कलाभवनची इमारत अजून उभी आहे, आता तिथे युनिव्हर्सिटीची इंजिनिअरिंगची पोरं असतात, दांडिया बाजारातून मी चालत जाते. मराठी पेपरला गुजरातेतला बडोदा आठवत नसेल तर आम्ही इथे तुमचा पेपर मागवतो कशाला, असं हे म्हणाले. मी एवढं म्हणणार नाही, पण छापायचं असेल तर छापा.

फोटो फुकट घालवणाऱ्या अजून तीन गोष्टी सांगते आणि थांबते. पॉवर बँक लावू नका, मोबाईल पूर्ण चार्ज झाला की ती झोपते आणि मग पहाटे दोघंही झोपलेले सापडतात, सरळ चार्जर लावा. आणि मोबाईलच्या सेटिंगमधे बॅटरी वाचवायचं जे असतं ते त्या ॲपपुरतं बंद करा, नाहीतर तासाभराने मोबाईलच ॲपला मारून टाकतो आणि सांगतही नाही. सिमकार्ड काढून ठेवा, मला मधेच कर्ज हवंय का म्हणून फोन आला होता, मला! त्याच्या धडधडीने पाट हलला.

ताण्याने काडी पकडली तो भाग मी किती वेळा बघितला असेल सांगता येत नाही. एकविसावा दिवस, दुपार. त्याआधीच्या फ्रेममधे तो ताणा हवेत मोकळा फिरतोय, गोल गोल, काडीच्या अलीकडून जातो, पलीकडून जातो, मग एकदा टोक काडीला टेकतं, पुढच्या फ्रेमला वाकलेलं, त्याच्या पुढच्याला अर्धा वेढा, आणि नंतर स्प्रिंग पिळावी तसा पूर्ण पिळून रोपाला जवळ ओढून घेतो. तीन फ्रेम, म्हणजे एक तास, म्हणजे फिल्ममधे सेकंदाचा पाचवा हिस्साही नाही. दिवसाला एक फोटो घेणाऱ्याला आज मोकळा आणि उद्या बांधलेला एवढंच दिसतं.

व्हिडिओ तुमच्या कार्यालयाच्या मेलवर पाठवलाय, ५८ सेकंद आहे, दोन सेकंद कुठे गेले ते वर आलंच आहे, फोकसचा एक दिवस काढून टाकला. सुरुवातीला बराच वेळ नुसती माती दिसेल तर व्हिडिओ बिघडला असं समजू नका, वटाण्याच्या डाळिंब्या चवळीसारख्या वर येत नाहीत, त्या मातीतच राहतात आणि नुसता कोंब वाकून बाहेर येतो. अकराव्या दिवशी सगळी कुंडी एकदम बोटभर उजवीकडे सरकते ती आमच्या कामवाल्या मावशींनी केर काढताना सरकवली, त्यानंतर मी कुंडीभोवती नेलपॉलिशने गोल काढून ठेवला. पुढच्या वेळी फाळक्यांवर लिहाल तेव्हा ‘रोज एक’च्या जागी ‘रोज तीसेक’ तरी करा, आणि उरलेले पाव किलो वटाणे संपले, उसळ झाली.

आपली,
एक जुनी वाचक
दांडिया बाजार, वडोदरा